द्यूमाची कोठी आणि हाजी युनूसची खोली

पॅरिस शहराच्या पश्चिमेला सेन नदी मोठी वळणे घेत वाहते. त्यातल्याच एका वळणाकाठी पोर-मार्ली नावाचे लहानसे गाव आहे आणि गावालगतच्या टेकडीच्या उतारावर, झाडीत दडलेली एक दुमजली कोठी आहे. फ्रेंच लोक तिला 'शातो द मॉन्ते क्रिस्तो' म्हणतात. शातो म्हणजे गढी, किल्लेवजा वाडा. पण या वास्तूला ना तट, ना बुरूज, ना खंदक. एका कादंबरीकाराने हौसेने बांधलेला तो गावाबाहेरचा बंगला आहे. कादंबरीकाराचे नाव अलेक्झांडर द्यूमा. 'तीन शिलेदार' आणि 'मॉन्ते क्रिस्तोचा काउंट' या कथा शाळेच्या ग्रंथालयातून संक्षिप्त रूपात का होईना, आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेल्या असतात. आम्हीही त्या तशाच वाचल्या. त्या वयात आम्हाला एवढेच ठाऊक होते की, निरपराध माणूस तुरुंगात पडतो, सुटतो, खजिना मिळवतो आणि सूड घेतो. त्या कथेच्या कमाईतून उभ्या राहिलेल्या घरात एक खोली ट्यूनिसच्या मुसलमान कारागिरांनी स्वतःच्या हातांनी कोरली आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. कळल्यावर मात्र त्या खोलीने आमचा पिच्छा सोडला नाही. हा लेख त्या खोलीविषयी आहे. पण खोलीपर्यंत पोचायचे तर आधी घर पाहायला हवे आणि घर पाहायचे तर घरधन्याची ओळख हवी.

गुलाम आजीचा नातू

द्यूमाचा जन्म २४ जुलै १८०२ रोजी विलेर-कोत्रे या गावी झाला. वडील तोमा-अलेक्झांडर हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यातले सेनापती. त्यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातल्या सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७६२ साली झाला होता. बाप फ्रेंच उमराव आणि आई मारी-सेसेत ही काळी गुलाम स्त्री. उमराव बापाने फ्रान्सला परतण्याच्या खर्चासाठी पोटच्या मुलाला गहाण ठेवले, मग पैसे भरून सोडवून नेले. मुलगा मोठा झाल्यावर सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झाला, तेव्हा त्याने बापाचे उमरावी आडनाव टाकले आणि आईचे 'द्यूमा' हे नाव लावले. जगभर गाजलेले हे नाव असे एका गुलाम बाईचे आहे!

आणखी एक योगायोग पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९४ साली वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली होती. नेपोलियनने १८०२ साली ती पुन्हा लागू केली. म्हणजे ज्या वर्षी आपला लेखक जन्मला, त्याच वर्षी त्याच्या आजीच्या जातभाईंच्या पायांत पुन्हा बेड्या पडल्या.

हा सेनापती बाप १७९८ साली नेपोलियनबरोबर इजिप्तच्या स्वारीवर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कैरोच्या लोकांनी उठाव केला. फ्रेंच तोफांनी अल-अझहर मशिदीवर गोळे डागले आणि तो उठाव चिरडण्यात हा सेनापतीही होता. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे नेपोलियनशी त्याचे बिनसले. परतीच्या वाटेवर तो इटलीत शत्रूच्या हाती सापडला आणि दोन वर्षे तुरुंगात खितपत पडला. सुटला तो शरीराने खचून. १८०६ साली त्याचा इंतकाल झाला तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. 'मॉन्ते क्रिस्तो'मधल्या अंधारकोठडीत या बापाच्या कैदेची सावली आहे असे अभ्यासक म्हणतात. आम्हाला ते पटते. पोरक्या मुलाने ऐकलेली बापाची गोष्ट अशीच कुठेतरी बाहेर येते.

टेकडीवरचे स्वप्न

१८४४ हे वर्ष द्यूमाच्या आयुष्यातले सुगीचे वर्ष. 'तीन शिलेदार' वर्तमानपत्रातून क्रमशः छापून आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात 'जुर्नाल दे देबा' या दैनिकात 'मॉन्ते क्रिस्तो' सुरू झाली. ती जानेवारी १८४६ पर्यंत चालली. त्या काळी फ्रान्समधली वर्तमानपत्रे अशा कथांच्या जोरावर खपत आणि द्यूमाला ओळीओळीमागे दाम मिळत. याच सुमारास तो पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ-आँ-ले गावात राहत होता. पोर-मार्लीची टेकडी त्याला आवडली आणि त्याने तिथे जमीन घेतली.

शहराबाहेर बंगला बांधण्याची ही हौस एकट्या द्यूमाची नव्हती. १८३७ साली पॅरिसहून ल पेक गावापर्यंत आगगाडी सुरू झाली. पॅरिसमधून निघालेला हा पहिला उतारूंचा लोहमार्ग. जिथे पूर्वी घोडागाडीने अर्धा दिवस मोडायचा, तिथे माणूस तासाच्या आत पोचू लागला. साहजिकच नदीकाठच्या या गावांमध्ये व्यापारी, वकील, नट आणि लेखक यांचे बंगले उठू लागले. जुन्या उमरावांचे वाडे जमिनीच्या उत्पन्नावर उभे होते. हे नवे बंगले पेढीच्या, दुकानाच्या आणि लेखणीच्या पैशावर उभे राहिले. त्यांच्या घडणीत एक प्रकारचा मोकळेपणा होता. मालकाला जे जे आवडेल ते ते एकाच घरात मांडायचे, मग ते कोणत्याही काळातले आणि देशातले असो. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुकलेची ही खूणच म्हणावी लागेल.

द्यूमाने वास्तुविशारद इपोलित द्यूराँ याला बोलावले. त्याने सांगितलेली मागणी ऐकण्यासारखी आहे. सोळाव्या शतकातल्या प्रबोधनकालीन राजवाड्यासारखी कोठी हवी, तिच्यासमोर पाण्याने वेढलेला गॉथिक घाटाचा मनोरा हवा आणि दोहोंभोवती इंग्रजी पद्धतीची बाग हवी. बागेत झरे, धबधबे, गुहाही हव्यात. जमीन चिकणमातीची आहे, बांधकाम घसरेल, असे द्यूराँने बजावल्याची आठवण सांगतात. खाली पक्का दगड लागेपर्यंत खणा, असे द्यूमाचे उत्तर होते. त्याला फार पैसा लागेल, असे द्यूराँ म्हणाला, तेव्हा द्यूमा हसून म्हणाला की, माझीही तशीच अपेक्षा आहे! गोष्ट पदरची असेल, पण माणूस तिच्यात अचूक सापडतो.

कोठीचे दर्शनी अंग फिकट दगडाचे असून त्यावर वेलबुट्टी, मुखवटे आणि फुलापानांची कोरीव रेलचेल आहे. कोपऱ्यांना निमुळते मनोरे आहेत. खिडक्यांच्या माथ्यावर गोल चौकटींमध्ये थोर लेखकांचे चेहरे कोरले आहेत. होमर, दांते, शेक्सपिअर, गटे, बायरन यांच्यासह त्याचा समकालीन व्हिक्टर ह्यूगोही आहे. आणि प्रवेशद्वारावर घरधन्याचा स्वतःचा चेहरा! सोबत घराण्याचे उमरावी चिन्ह आणि 'माझ्यावर जो प्रेम करतो त्याच्यावर मी प्रेम करतो' अशा अर्थाचे ब्रीद. ज्याच्या कुरळ्या केसांवरून आणि रंगावरून पॅरिसची वर्तमानपत्रे व्यंगचित्रे काढीत, त्या माणसाने आपला चेहरा दगडात कोरून दारावर बसवला. त्यात मिरवणे होते हे खरे, पण ते उत्तरही होते.

समोरच्या छोट्या मनोऱ्याला त्याने 'शातो दिफ' हे नाव दिले. कादंबरीतल्या नायकाला ज्या बेटावर कैद केले जाते त्या किल्ल्याचे हे नाव. ही त्याची लिहिण्याची जागा. मनोऱ्याच्या दगडांवर त्याच्या पुस्तकांची नावे कोरली आहेत. भोवती पाण्याचा चर आणि वर चढायला गोल जिना. मोठ्या कोठीत पाहुण्यांचा गोंगाट चालू असताना हा गृहस्थ या कैदखान्यात बसून मजकूर पाडीत असे. घर चालवायचे तर कैदेत बसणे भागच होते.

जुलै १८४७ मध्ये घरभरणी झाली. शेकडो पाहुणे जेवले. बागेत कुत्री, माकडे, पोपट आणि मांजर यांचा संसार होता. अल्जीरियातल्या कॉन्स्टँटिनहून आणलेले एक गिधाडही होते. बाल्झाकने १८४८ साली ही कोठी पाहिली आणि आपल्या पत्रात तिचे मनापासून कौतुक केले. तो कोणाचे सहजासहजी कौतुक करणारा नव्हता.

खोली

आता आपण त्या खोलीकडे वळू.

१८४६ सालच्या ऑक्टोबरात द्यूमा स्पेनला गेला. फ्रेंच राजपुत्राचे लग्न होते. तिथून ग्रॅनडा, अल-हम्रा पाहून तो फ्रेंच आरमाराच्या 'व्हेलोस' या आगबोटीतून उत्तर आफ्रिकेला गेला. या सहलीला फ्रेंच सरकारने पैसे दिले होते. हेतू सरळ होता. १८३० साली फ्रान्सने अल्जीरियावर स्वारी केली होती, पण तिथे जाऊन वसायला फ्रेंच माणूस तयार नव्हता. लोकप्रिय लेखकाने चार रसाळ पाने लिहावीत म्हणजे लोकांचे मन वळेल, असा सरकारचा हिशेब होता. आरमाराची बोट लेखकाच्या दिमतीला दिल्याबद्दल पुढे फ्रेंच संसदेत ओरडही झाली.

वर्षअखेरीस बोट ट्यूनिसला लागली. ट्यूनिस तेव्हा नावाला उस्मानी सल्तनतीचा सुभा होता, पण कारभार स्वतंत्र होता. गादीवर अहमद बे होता. आणि इथे इतिहासाने एक विलक्षण गाठ घातली आहे. याच अहमद बेने जानेवारी १८४६ मध्ये फर्मान काढून आपल्या राज्यातली गुलामगिरी बंद केली होती. फ्रान्सला आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी कायमची रद्द करायला एप्रिल १८४८ उजाडावा लागला. गुलाम बाईचा नातू फ्रान्सच्या जहाजातून ट्यूनिसच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्या मुसलमान राज्यात कायद्याने कोणी गुलाम नव्हता आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर फडकत होता त्याच्या वसाहतींत मात्र अडीच लाखांच्या आसपास माणसे अजून गुलाम होती. आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही तारीख सापडत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो.

ट्यूनिसमध्ये द्यूमाने गचकाम कोरणारा एक कारागीर पाहिला. हाजी युनूस त्याचे नाव. जोडीला त्याचा मुलगा महंमद. बेच्या पदरी असलेल्या या बापलेकांचे काम पाहून द्यूमा थक्क झाला आणि यांना फ्रान्सला नेऊन आपल्या घरात एक खोली कोरून घ्यायची, असे त्याच्या मनाने घेतले. दरबारची परवानगी मिळवून त्याने त्यांना सोबत आणले. बापलेक समुद्र ओलांडून पोर-मार्लीला आले आणि कोठीच्या पहिल्या मजल्यावर कामाला लागले.

ट्यूनिसमध्ये या कलेला 'नक्श हदीदा' म्हणतात. हदीदा म्हणजे लोखंड, लोखंडी हत्याराची नक्षी. ही नक्षी साच्यात ओतलेली नसते. भिंतीवर गचाचा जाड थर द्यायचा, त्यावर वर्तुळे आणि रेषा आखून घ्यायच्या आणि थर पुरता वाळण्याआधी लहान पातीच्या हत्याराने नको असलेला भाग काढत जायचे. गच कारागिरासाठी थांबत नाही. हात चुकला तर तो तुकडा उतरवून पुन्हा थर द्यावा लागतो. जे काढून टाकले त्याच्या सावलीमुळे जे उरले ते दिसते. षटकोन, अष्टकोन, तारे आणि एकमेकांत गुंतलेली पाने यांची लेसच्या कापडासारखी जाळी भिंतीभर आणि छतावर पसरत जाते. त्यात माणसाचा चेहरा कुठेच नसतो.

ही शेवटची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. कोठीच्या बाहेरच्या अंगावर जिकडे तिकडे चेहरेच चेहरे आहेत. ज्यांना जगाने लक्षात ठेवावे अशांचे चेहरे आणि त्यांत घरधन्याचाही. पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत आले की चेहरे संपतात आणि नुसती रचना उरते. एकाच घरात दोन संस्कृतींचे सौंदर्याविषयीचे दोन विचार भिंतीला भिंत लावून नांदतात. द्यूमाला हे उमगले असेल की त्याला फक्त 'हजार रात्रीं'चा देखावा हवा होता? खरे सांगायचे तर दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. त्याच्या कादंबरीचा नायक सिंदबादचे नाव धारण करतो, जानिनाच्या अली पाशाच्या मुलीला सोबत बाळगतो. त्या काळच्या फ्रान्सला पूर्वेचे वेड होते आणि त्या वेडात पूर्वेची माणसे बहुधा सजावटीपुरतीच असत. खोलीलाही नाव पडले 'मूरिश दिवाणखाना'. ट्यूनिसचा कारागीर त्या एका शब्दात विरघळून गेला.

दोन गढ्या, एक डिसेंबर

आणि तरीही या खोलीकडे नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही. हाजी युनूसची नक्षी ताजी होती त्याच वर्षी, डिसेंबर १८४७ मध्ये, अल्जीरियात पंधरा वर्षे फ्रेंचांशी झुंजलेल्या अमीर अब्दुल कादिर यांनी शस्त्र खाली ठेवले. अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ देऊ, असा शब्द त्यांना दिला गेला होता. तो मोडून त्यांना कुटुंबकबिल्यासह फ्रान्समध्ये कैदेत ठेवण्यात आले. आधी तूलाँ, मग पो आणि १८४८ पासून लोआर नदीकाठचा आंब्वाझचा किल्ला. १८५२ साली त्यांची सुटका झाली, पण तोवर त्यांच्या परिवारातली कित्येक माणसे, त्यांत लहान मुलेही, तिथल्या थंडीत आणि आजारात दगावली. किल्ल्याच्या बागेत त्यांच्या कबरी आहेत.

फ्रान्समधल्या या दोन गढ्या आम्हाला शेजारी शेजारी दिसतात. एकीत उत्तर आफ्रिकेचा कारागीर मानाने आला, दुसरीत उत्तर आफ्रिकेचा अमीर बंदी होऊन आला. एकाच समाजाचे हात हवे होते, पण त्याची मान ताठ नको होती. तेच अमीर पुढे दमास्कसला राहिले आणि १८६०च्या दंगलीत त्यांनी हजारो ख्रिस्ती माणसांना आपल्या छत्राखाली घेऊन वाचवले, हेही ध्यानात ठेवावे.

उतार आणि उद्धार

द्यूमाला या घराचे सुख फार काळ लाभले नाही. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला, नाटकगृहे ओस पडली. द्यूमाने वर्षभरापूर्वीच मोठे नाट्यगृह उघडले होते. ते बुडीत निघाले. सावकार दारात आले. सामानसुमान विकले गेले आणि मार्च १८४९ मध्ये काही लाख फ्रँकची ही कोठी ३०,१०० फ्रँकला गेली. डिसेंबर १८५१ मध्ये द्यूमाने ब्रुसेल्स गाठले. त्यात राजकारण होते तसे देणेकरीही होते.

त्यानंतर कोठीचे मालक बदलत राहिले. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस ती इतकी मोडकळीला आली की, पाडून तिथे सदनिका बांधण्याचा घाट घातला गेला. तेव्हा इतिहासकार आलँ दको आणि द्यूमाप्रेमी मंडळी पुढे आली. मार्ली-ल-र्वा, ल पेक आणि पोर-मार्ली या तीन शेजारी गावांनी मिळून १९७२ साली ती विकत घेतली. सरकारच्या तोंडाकडे न बघता तीन गावांनी एकत्र येऊन वाडा वाचवला, हे आपल्याकडच्या पडक्या कमानी आणि मकबरे पाहताना आठवण्यासारखे आहे.

पण हाजी युनूसच्या खोलीची डागडुजी कोण करणार? ती विद्या त्या गावांजवळ नव्हती. तेव्हा मोरोक्कोचे बादशहा हसन दुसरे यांनी ती जबाबदारी घेतली आणि त्यांच्या मदतीने १९८५ साली खोली पूर्ववत उभी राहिली. ट्यूनिसच्या बापलेकांनी कोरलेली नक्षी सव्वाशेहून अधिक वर्षांनी मगरिबच्याच आश्रयाने वाचली. १९९४ पासून कोठी सर्वांना पाहता येऊ लागली. ३० नोव्हेंबर २००२ रोजी, जन्माच्या दोनशेव्या वर्षी, द्यूमाचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये थोरांच्या पंगतीत नेण्यात आले.

नावाची गोष्ट

आता शेवटचा मुद्दा. द्यूमाच्या कादंबऱ्यांची मांडणी करण्यात ऑग्यूस्त माके या लेखकाचा मोठा वाटा होता. आफ्रिकेच्या सहलीतही तो सोबत होता. पण पुस्तकांवर नाव एकट्या द्यूमाचे. माके पुढे न्यायालयात गेला. त्याला पैशातला हिस्सा मिळाला, नाव मिळाले नाही. आणि याच द्यूमाने आपल्या प्रवासवर्णनात ट्यूनिसच्या गचकाम करणाऱ्याचे नाव मात्र लिहून ठेवले. हाजी युनूस आणि त्याचा मुलगा महंमद ही दोन नावे आज आपल्याला माहीत आहेत, ती या लिहिण्यामुळे. माणूस एकाच वेळी एकाचे नाव दडपतो आणि दुसऱ्याचे राखतो. त्याचा निवाडा आम्ही करत नाही.

औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यातही भिंतींवर गचाची अशीच नाजूक वेलबुट्टी आहे. तिथल्या दारावर अताउल्ला आणि हंसपत राय ही घडवणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एक मुसलमान, एक हिंदू. मकबरा बादशाही घराण्याचा म्हणून ओळखला जातो, पण दाराने आपल्या माणसांची नावे साडेतीनशे वर्षे सांभाळली.

किती ठिकाणी अशी नावे राहिली? आपल्या मोहल्ल्यांत विणकर, कासार, छप्परबंद, नक्षीवाले, गवंडी पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्यांची कामे मिरवली गेली, नावे मातीत मिळाली. आपण लिहिणारी माणसे. द्यूमाइतकी कीर्ती आणि पैसा आपल्या वाट्याला नाही आणि ती कोठीही नको. पण कागदाच्या एका ओळीत कारागिराचे नाव लिहून ठेवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. गच ठिसूळ असतो, दगडही झिजतो. हाजी युनूसची नक्षी वाचवायला एक बादशहा लागला. त्याचे नाव वाचवायला मात्र लेखणीची एक ओळ पुरली.